नऊ पंचवीस ते दहा: सांगलीतला शो, अण्णांचा साऊंड आणि माझी बेस गिटार

शो होऊन चार दिवस झाले, उजव्या हाताच्या पहिल्या दोन बोटांची कातडी अजून भरलेली नाही, तरी आजच लिहायला बसलेय कारण असलं काही आठवडाभर लांबवलं की मग फक्त "मजा आली" एवढंच शिल्लक राहतं आणि मला नेमकं काय काय झालं ते लिहायचंय.

नवीन वाचणाऱ्यांसाठी थोडक्यात. मी मिरजेत एका हॉस्पिटलमध्ये सीटी स्कॅनवर टेक्निशियन आहे आणि गेली पाच वर्षं एका रॉक बँडमध्ये बेस गिटार वाजवते. आम्ही चौघं, गाणी मराठी आणि स्वतःची. प्रॅक्टिस सांगलीत, ड्रमरच्या मामांच्या हळदीच्या गोडाऊनमध्ये. पोती भरलेली असली की तिथे आवाज एकदम कोरडा आणि घट्ट येतो, स्नेअरचा, म्हणजे ड्रममधल्या कडक आवाजाच्या छोट्या ड्रमचा, एकेक ठोका वेगळा ऐकू येतो, आणि माल उचलला गेला की तीच जागा घुमायला लागते. नवी हळद यायला लागली की आम्ही खूश असतो, झांजांवर पिवळी धूळ बसते ती पुसायची आणि सुरू व्हायचं. हे मुद्दाम सांगतेय कारण या शोच्या आधी आमच्याकडे महिनाभर पोती होती, म्हणजे आम्ही महिनाभर घुमणं कसलं ते विसरून वाजवत होतो, आणि ते आम्हाला मैदानावर भारी पडलं.

शो होता एका कॉलेजच्या गॅदरिंगचा, मोकळ्या मैदानावर. आमच्याकडे रॉक ऐकायला म्हणून वेगळी जागा नाही, पुण्या-मुंबईसारखे क्लब नाहीत, त्यामुळे गॅदरिंग, गणपतीतला एखादा हौशी मंडळवाला आणि कधीतरी कॅफे, एवढीच ठिकाणं. आमचा गिटारवाला दादा आमच्यात सगळ्यात मोठा, तो मुंबईत शिकायला होता तेव्हा रंगभवनला जाऊन इंडिपेंडन्स रॉक बघून आलाय, 1986 ला सुरू झालेला फेस्टिवल तो, आणि तिथल्या गोष्टी सांगताना त्याचा आवाज अजून बदलतो. मी असलं काही बघितलेलं नाही. माझ्यासाठी रॉक शो म्हणजे मांडवाचे बांबू, कनात, आणि एका कोपऱ्यात मिक्सरवर बसलेला माणूस जो काल वरातीत होता आणि उद्या भजनाला असेल.

त्या माणसाबद्दलच मुख्य लिहायचंय. पण त्याआधी चाचांची गोष्ट.

शोच्या आठवडाभर आधी माझ्या गिटारची सगळ्यात जाड तार मोकळी वाजवली की झर्र झर्र करायला लागली. फ्रेट, म्हणजे दांडीवरच्या आडव्या पट्ट्या, दाबून वाजवली तर व्यवस्थित, फक्त मोकळी असली की झर्र. म्हणजे वर डोक्याकडे ज्या पट्टीच्या खाचेतून तार जाते ती खाच झिजून खोल गेलेली आणि तार पहिल्या फ्रेटला घासत होती. गिटारचं काम करणारं जवळ कुणी नाही, पुण्याला पाठवायला वेळ नाही. मग आईच म्हणाली, अगं मिरजेत राहतेस आणि तारेच्या वाद्याला माणूस मिळत नाही म्हणतेस?

खरंच की. मिरज म्हणजे सतार-तंबोऱ्यांचं गाव, दीडेकशे वर्षांपासून इथे ते काम चालतंय, आधी तलवारी-भाल्यांचं काम करणारी शिकलगार मंडळी त्यात आली आणि ती कला घराघरात उतरली, 2024 मध्ये मिरजेच्या सतारीला आणि तंबोऱ्याला जीआय टॅगही, म्हणजे त्या गावची खास वस्तू असल्याची सरकारी मोहोर, मिळाला. आणि मी त्या गल्लीवरून रोज ड्युटीला जाते! गेले एका चाचांकडे. दुकानात छताला भोपळे टांगलेले, खाली लाकडाचा भुसा, एका बाजूला अर्धवट झालेला तंबोरा. चाचांनी गिटार मांडीवर आडवी घेतली, कान लाकडाला लावला आणि ती तार छेडली. परत छेडली. मग म्हणाले, "ही तर जवारी आहे बेटा. आम्ही एवढ्यासाठी दिवसभर घोडी घासत बसतो आणि तुला नकोय होय?"

मला ते इतकं आवडलं. तंबोऱ्यात ती झणझण मुद्दाम आणायची असते, घोडीला, म्हणजे तारा जिच्यावरून जातात त्या पट्टीला, अगदी बारीक उतार द्यायचा, वरून तारेखाली दोरा सरकवायचा, तो एका जागी आला की सूर उघडतो. तोच आवाज माझ्या वाद्यात दुखणं. चाचांनी हाडाचा एक तुकडा घेऊन नवी पट्टी घासून बसवली, चार खाचा पाडल्या, प्रत्येक तार किती जाड ते बोटात धरून बघत बघत, मोजपट्टी नाही काही नाही. दोन तास लागले आणि दोनशे रुपये घेतले. तार साफ वाजायला लागली, इतकी साफ तर ती घेतली तेव्हापण नव्हती.

आता मैदान.

दुपारी चारला पोहोचलो तर अण्णा आधीच आलेले. साऊंडवाले अण्णा, साठीच्या आसपास, गळ्यात टॉवेल, सोबत दोन पोरं. दोन्ही बाजूला बेसचे खोके आणि त्यावर टॉप, म्हणजे वरच्या सुरांचे स्पीकर, लावून झालेले. अण्णांनी आयुष्यभर ऑर्केस्ट्रा, बँजो पार्टी, कीर्तन, सभा हे केलंय, रॉक बँड पहिल्यांदाच. मी सांगितलं, अण्णा मला स्टेजवर बेस पाहिजे. ते म्हणाले चार खोके लावलेत की ताई, हादरंल मैदान. मी म्हटलं ते नाही, माझं वाद्य, त्याचं नाव बेस गिटार. मग त्यांनी ती हातात घेऊन बघितली, चारच तारा कशा विचारलं, सगळ्यात खालचा सूर ऐकवायला सांगितला. मी वाजवला. तो सूर साधारण 41 हर्ट्झचा असतो, छोट्या स्पीकरमधून तो नीट येतच नाही, नुसती टकटक येते. अण्णा मिक्सरवरून उठून खोक्यासमोर गेले, हाताचा तळवा जाळीवर ठेवला आणि तिथून पोराला ओरडून सांगितलं कुठलं बटण किती. कानाने नाही, तळव्याने सेट केला माझा आवाज. नंतर म्हणाले ढोल-ताशाला पण असंच बघतो.

मग आला दादाचा नंबर. दादाने पेडल दाबला, डिस्टॉर्शन, म्हणजे गिटारचा मुद्दाम फाटलेला आवाज, सुरू झालं आणि अण्णांनी लगेच आवाज खाली घेतला. "फाटालंय! वायर गेलीया तुमची, बदला." दादा म्हणाला, नाही अण्णा, ते तसंच पाहिजे. अण्णा ऐकेनात, तीस-चाळीस वर्षं ज्या माणसाने आवाज फाटू नये म्हणून कान जागे ठेवलेत त्याला कुणी सांगतंय फाटलेलाच पाहिजे. दहाएक मिनिटं असंच चाललं. दादा चिडायला आला होता, आणि मला एकदम चाचा आठवले. मी म्हटलं, अण्णा, तुम्ही बँजो पार्टीला साऊंड करता तेव्हा बँजोचा आवाज कसा ठेवता?

बँजो पार्टी ज्यांनी ऐकलीय त्यांना माहितीये. तो बँजो म्हणजे मुळात बुलबुलतरंग, टाइपरायटरसारखी बटणं असलेलं, त्याला तारेचा आवाज पकडणारं पिकअप बसवून आवाज मोठा करायच्या मशीनमधून काढतात आणि मिरवणुकीत तो असा काही कडक, चरचरीत वाजतो की लांबच्या गल्लीतून कळतं. तो आवाज साफ नसतोच, साफ केला तर त्याची धारच जाते. अण्णा दोन सेकंद थांबले. "म्हंजे बँजोगत ठेवायचं न्हवं का? मग आधी सांगायचं की." आणि पुढच्या पाच मिनिटांत दादाच्या गिटारचा जो आवाज त्यांनी काढला तो मी आजवर कुठल्याच शोला ऐकला नव्हता, मध्ये जागा ठेवली, वरचं किरकिरं काढलं, आणि माझ्या खालच्या सुरांवर ती गिटार अजिबात चढली नाही. पाच वर्षांत आम्हाला एवढी वेगळी वेगळी वाद्यं कुणी ऐकवली नव्हती, आम्हालासुद्धा.

मला राग येतो तो इथे. आमच्याच ओळखीतली बँडवाली पोरं अशा साऊंडवाल्यांना "मांडववाला" म्हणून उडवून लावतात, यांना रॉक कळत नाही म्हणतात. रॉक कळायचं काय असतं? आवाज कळला पाहिजे, आणि या माणसाला मैदान, वारा, गर्दी, जनरेटर सगळ्याचा आवाज कळतो. आपण काय वाजवतो ते त्याच्या भाषेत सांगायची जबाबदारी आपली आहे.

जनरेटरवरून आठवलं, साऊंडचेकला आमच्या गायकाला ओठांना झटका बसला. हाताने गिटार धरलेली आणि तोंड माईकला लागलं तसा झिणझिणून मागे सरकला. अण्णा तिथूनच ओरडले, कुणी कशाला हात लावू नका. झालं असं होतं की त्याचा ऍम्प, म्हणजे गिटारचा आवाज मोठा करणारा खोका, आमच्यापैकी एकाने कॉलेजच्या भिंतीतल्या बोर्डाला लावलेला आणि मिक्सर जनरेटरवर, म्हणजे दोघांची अर्थिंग वेगळी, आणि मध्ये आमचा गायक. गिटारच्या तारा एका अर्थिंगला, माईकची जाळी दुसऱ्या, दोन्हीला एकाच वेळी अंग लागलं की त्याच्यातूनच करंट जाणार. हे लोक थट्टेत घेतात पण यात जीव जाऊ शकतो. अण्णांनी सगळं एका बोर्डावर आणलं, नळाजवळच्या ओल्या जमिनीत जनरेटरचा अर्थिंगचा रॉड ठोकला, कँटीनमधून मीठ मागवून बादलीभर पाण्यात घालून त्यावर ओतलं, आणि मीटर लावून माईक आणि गिटारमध्ये काही येत नाही ना ते स्वतः बघितल्याशिवाय कुणाला स्टेजवर चढू दिलं नाही. प्रत्येक नव्या बँडला माझं कळकळीने सांगणं आहे, ऍम्पची पिन कधीही स्वतःहून जवळच्या बोर्डात घालू नका, आधी साऊंडवाल्याला विचारा, आणि स्पीकरमधून सतत येणारी घूं कमी होते म्हणून अर्थिंगची पिन तोडण्याचा उद्योग तर कधीच करू नका.

घूं पण होतीच. संध्याकाळी लाइट लागल्या आणि स्पीकरमधून घूं सुरू झाली. आपली वीज 50 हर्ट्झची, ती घूं पण 50 आणि 100 ला बसते. आता बघा, माझ्या गिटारवरचा खालचा जी हा सूर 49 हर्ट्झचा. आमचं दुसरं गाणं जी मध्येच आहे! म्हणजे मी षड्ज धरणार आणि मागे कुणीतरी किंचित चढा लावलेला तंबोरा सतत छेडत बसणार. मला कल्पनेनेच कसंतरी झालं. बक्षीस समारंभ चालू असतानाच अण्णांच्या एका पोराने लाइटची लाइन साऊंडपासून वेगळी काढली, केबल एकमेकींपासून लांब केल्या, आणि घूं गेली. समोर भाषण चालू होतं, कुणाला कळलंही नाही.

आणि बक्षीस समारंभ संपेचना. आम्हाला आठची वेळ दिलेली, आठचे साडेआठ, मग नऊ. आमची सहा गाणी, चाळीस मिनिटांची. ध्वनिप्रदूषणाचे 2000 सालचे नियम आहेत, रात्री दहाच्या पुढे उघड्यावर लाऊडस्पीकर बंद, मोजक्या दिवसांना सरकार बारापर्यंत सूट देतं पण गॅदरिंग त्यात बसत नाही. अण्णा नऊला माझ्याजवळ येऊन शांतपणे म्हणाले, ताई, दहाला मी बंद करणार बघा, गाणं चालू असू दे न्हाईतर नसू दे, माझा सेट एकदा अडकून पडलाय. मला ते पटलं. मैदानाला लागून वस्ती आहे, बारावीची पोरं अभ्यासाला बसलेली असतात, म्हातारी माणसं असतात. आपला आवाज आपल्याला कितीही प्यारा असला तरी त्यांनी तो मागितलेला नाही.

मग स्टेजमागे, सायकल स्टँडजवळ उभं राहून आम्ही गाणी कापली. सगळ्यात लांब गाणं दादाचं, नऊ मिनिटांचं, त्यात त्याचा मोठा सोलो, दोन महिने तो त्यावर राबत होता. आम्ही तिघं गप्प. कुणी बोलायच्या आधी तोच म्हणाला, माझं काढा, त्याच्या जागी दोन छोटी बसतात. एवढंच बोलला आणि गिटार ट्यून करायला लागला. त्याच्याकडे बघून मला काय वाटलं ते त्याला अजून सांगितलेलं नाही, इथे वाचेल तेव्हा कळेल.

नऊ पंचवीसला नाव पुकारलं.

पहिलं गाणं सुरू केलं आणि बारा सेकंदात कळलं की काहीतरी गडबड आहे. मैदानाच्या पलीकडे, समोर पन्नासेक मीटरवर कॉलेजची तीन मजली इमारत, आणि आमचा आवाज तिच्यावर आपटून परत येत होता. आवाज सेकंदाला साधारण 343 मीटर जातो, म्हणजे जाऊन येऊन शंभर मीटरला तीन दशांश सेकंद. आमच्या गाण्याची लय मिनिटाला 120, एक ठोका अर्ध्या सेकंदाचा, म्हणजे माझा प्रत्येक ठोका अर्ध्या मात्रेच्या जरासा मागे परत येऊन मला भेटत होता. कान त्याच्या मागे जातात. कान मागे गेले की बोटं मागे जातात. मी खेचतेय हे मला कळत होतं आणि थांबवता येत नव्हतं, गायकाने एकदा वळून बघितलं, आणि हळदीच्या पोत्यांमध्ये महिनाभर घट्ट ऐकू आलेलं सगळं इथे विरघळून गेलं होतं.

मग मी प्रेक्षकांकडे पाठ केली. शो बघणाऱ्याला ते उद्धट वाटू शकतं, पण मी ड्रमजवळ हातभर अंतरावर जाऊन उभी राहिले आणि ड्रमरच्या उजव्या पायाकडे बघायला लागले. पाय पेडलवर येतो, फळ्या हादरतात, तो हादरा माझ्या टाचेतून वर येतो, त्यावर बोट टाकायचं. इमारतीकडून काय येतंय ते ऐकायचंच नाही. दुसऱ्या कडव्यापर्यंत आम्ही दोघं एकत्र आलो. ड्रमरने मान हलवली, बस्स. मला वाटतं बेस वाजवणाऱ्याला आयुष्यात एवढंच हवं असतं, ड्रमरची ती मान.

दुसऱ्या गाण्याच्या आधी बघितलं तर अण्णांची पोरं टॉप थोडे खाली झुकवत होती, इमारतीकडे जाणारा आवाज गर्दीत पडावा म्हणून. आणि गर्दी पण पुढे सरकली होती. माणसं आवाज पितात, पोत्यांसारखीच. घुमणं बरंच कमी झालं आणि जी चं गाणं असं लागलं, असं लागलं की मी शेवटी डोळे मिटून वाजवत होते, चाचांची पट्टी आणि अण्णांची केबल दोन्ही त्या एका सुरात होत्या असं मला तेव्हा वाटत होतं आणि आजही वाटतंय.

तिसरं आमचं गोंधळाच्या ठेक्यावरचं. आमच्या ड्रमरने लहानपणापासून घरच्या गोंधळात संबळ ऐकलाय, तो ठेका त्याने फ्लोअर टॉमवर आणि किकवर, म्हणजे ड्रममधल्या दोन जाड आवाजाच्या मोठ्या ड्रमवर, असा बसवलाय की पहिल्या चार मात्रांत ओळखू येतो. आणि आला ओळखू! तोपर्यंत पोरं मोबाईल वर धरून उभी होती, आता मागे कँटीनच्या पायरीवर बसलेल्या मावश्या, वॉचमन काका, बक्षिसांचं टेबल आवरणारे शिपाई, सगळ्यांचे हात सुरू झाले. मागच्यांच्या टाळ्या आमच्यापर्यंत उशिरा पोहोचतात, तीस मीटरवरच्या टाळीला जवळजवळ एक दशांश सेकंद लागतो, त्यामुळे टाळ्यांच्या मागे जायचं नसतं, आपला ठेका आपण धरायचा. ड्रमरने तो असा धरला होता की मला काही करावंच लागलं नाही, मी फक्त दोन सूर वाजवत होते, चार मिनिटं दोनच सूर, आणि एवढं भरून मला कधी वाटलेलं नाही.

चौथं सुरू केलं तेव्हा नऊ बावन्न. हे शांत गाणं आहे, शेवटी सगळे थांबतात आणि माझी खालची मोकळी तार एकटी वाजत राहते, विरेपर्यंत. तीच तार. मी छेडली आणि हात काढून घेतले. घड्याळात नऊ सत्तावन्न. मी अण्णांकडे बघितलं, वाटलं आता झटकन बंद करतील. त्यांचा हात फेडरवर, म्हणजे आवाज कमी-जास्त करायच्या सरकत्या बटणावर, होता आणि ते डोळे मिटून तो सूर खाली आणत होते, अगदी सावकाश, कीर्तनात बुवांचा शेवटचा सूर उतरवतात तसा. कुठे संपला ते मला कळलं नाही. टाळ्या त्यानंतर आल्या.

दहाला मेन बंद.

आवरताना मी अण्णांना विचारलं, आमच्या केबल सारख्या आतून तुटतात, तुमच्या कशा टिकतात. त्यांनी माझी केबल घेतली, मी कोपरावर गुंडाळलेली, ती सोडली आणि परत गुंडाळून दाखवली, एक वेटोळं सरळ, एक उलटं, परत सरळ, म्हणजे पीळ बसत नाही. मला तिसऱ्यांदा जमलं. मग म्हणाले, रविवारी कवलापूरला सप्ताहाचा साऊंड हाय, पखवाजाला माईक कसा लावत्यात बघायचं असंल तर या.

रविवारची माझी ड्युटी मी बदलून घेतलीय.